कापरेकर मास्तर आणि त्यांच्या संख्या

रशियांतील सेंट पीटर्सबर्गचे गणिती ग्रिगोरी पेरेलमन यांचें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या वाचनांत आलें असेल. प्वांकारे या फ्रेंच गणित्यानें १९०४ सालीं मांडलेला आणि जवळ जवळ शंभर वर्षें कोणालाहि न सुटलेला एक प्रश्न या गृहस्थांनीं २००२ व २००३ या दोन वर्षांत सोडविला. गणितांतला फार मोठा मान समजलें जाणारें फील्ड्स पदक त्यांना २००६ सालीं देऊं केलें. तें त्यांनीं घेतलें नाहीं. २०१० सालीं दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर झालें. तेंहि त्यांनीं नाकारलें. त्यांच्या आधीं फ्रान्समध्यें अलेक्झांडर ग्रोथेनडीक नांवाचे असेच एक थोर गणिती होऊन गेले. १९७० सालीं, ऐन कीर्तीच्या भरांत, त्यांनीं आपली संस्था सोडली. १९८८ सालीं एक मोठें पारितोषिक नाकारलें. आणि १९९१ सालीं पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या एका खेड्यांत ते जे जाऊन राहिले, ते २०१४ सालीं देह ठेवीपर्यंत जगापासून दूरच राहिले.

अशा माणसांच्या हकिगती आपण मोठ्या चवीनें वाचतों. परंतु त्यांनीं केलें तरी काय, असें कोणीं विचारलें तर माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाला हात जोडण्यावांचून गत्यंतर नसतें. आज मी ज्या एकाकी गणित्याविषयीं बोलणार आहें, तो आपल्या महाराष्ट्रांतला, तोहि एका शाळेंतला मास्तर. आणि त्याचें गणित असें कीं ज्याला वजाबाकी येते त्याला तें उंबरठ्यावर उभें राहून सहज पाहतां यावें. त्यांचें नांव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पेरेलमन व ग्रोथेनडीक यांच्या दाराशीं जग गेलें आणि त्यांनीं दार लावून घेतलें. कापरेकरांची गोष्ट उलट आहे. ते आपल्या संख्या घेऊन स्वतःच दारोदार गेले, आणि बहुतेक दारें उघडलींच नाहींत. एकांत दोन्हीकडे आहे, पण त्याची जात निराळी आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. आठव्या वर्षीं आई गेली. वडील कारकून होते, आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो, पत्रिका मांडावयाची म्हणजे आंकडेमोड आली. त्या आंकडेमोडीची गोडी मुलाला घरांतच लागली आणि ग्रहांना घरींच ठेवून त्यानें आंकडे तेवढे बरोबर घेतले. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झालें. १९२३ सालीं ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले. ज्या रँग्लर परांजप्यांचें नांव त्या काळीं घरोघर ठाऊक होतें, त्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक कापरेकरांना १९२७ सालीं मिळालें. तें पाठांतराबद्दल नव्हतें, स्वतंत्र लेखनाबद्दल होतें. १९२९ सालीं ते बी. एस्‌सी. झाले. पुढें मोठी पदवी नाहीं, विलायत नाहीं, कोणा नामांकित गुरूची पाठराखण नाहीं. १९३० सालीं ते नाशिकजवळच्या देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत तेथेंच राहिले.

देवळाली हें छावणीचें गांव. इंग्रजांच्या अमदानींत विलायतेस परतणारे गोरे शिपाई तेथें आगबोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत, आणि त्यांतील कित्येकांचें चित्त थाऱ्यावर राहत नसे. त्यावरून इंग्रजींत वेड्या माणसाला 'डूलॅली' म्हणण्याचा प्रघात पडला. म्हणजे आमच्या देवळालीचें नांव साहेबाच्या भाषेंत गेलें तें वेडाला प्रतिशब्द म्हणून! त्याच गांवानें पुढें गणिताच्या भाषेंतहि आपलें नांव नेलें, तें कसें तें ओघानें सांगतों.

आतां हाताशीं कागद-पेन्सिल असेल तर घ्यावी. नसेल तर मोबाइलवर आंकडे टिपले तरी चालतील. मराठवाड्याच्या माणसाला १९४८ हें साल विसरतां येणार नाहीं. त्या वर्षीं १७ सप्टेंबरला आपण निजामी अमलांतून मोकळे झालों. तोच आंकडा घेऊं. त्याचे अंक मोठ्यापासून लहानापर्यंत मांडले कीं ९८४१, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले कीं १४८९. पहिल्यांतून दुसरी वजा करा. उत्तर ८३५२. आतां या उत्तरालाहि तेंच करा. ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. पुन्हा तेंच करा. ७६४१ मधून १४६७ गेले, पुन्हा ६१७४. आतां कितीहि वेळां वजाबाकी करा, ६१७४ आपली जागा सोडीत नाहीं.

यांत १९४८ चें कांहीं विशेष नाहीं. कोणतीहि चार अंकी संख्या घ्या. अट एवढीच कीं चारहि अंक सारखे नसावेत, आणि मध्येंच एखादें उत्तर तीन अंकी आलें तर त्याच्या आधीं शून्य मांडून चार अंक पुरे करावेत. फार तर सात वजाबाक्यांत आपण ६१७४ वर येऊन पोहोंचतों. आपल्या घराचा नंबर घ्या, गाडीचा घ्या, नाहीं तर जन्मसाल घ्या. ज्यांना हौस असेल त्यांनीं कापरेकरांचेंच जन्मसाल घ्यावें, १९०५. त्याचें काय होतें तें मी भाषणाच्या शेवटीं सांगेन. तोंपर्यंत पेन्सिल चालूं द्यावी.

ही गोष्ट कापरेकरांच्या ध्यानांत १९४६ सालीं आली. १९४९ सालीं मद्रासला भरलेल्या गणित परिषदेंत त्यांनीं ती मांडली, आणि १९५५ सालीं अमेरिकेंतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकांत ६१७४ वर त्यांचें टिपण प्रसिद्ध झालें. आज ६१७४ ला जगभर कापरेकरांचा स्थिरांक म्हणतात.

हें असें कां व्हावें, हा प्रश्न कोणाहि जिज्ञासूला पडेल, आणि निदान अर्ध्या वाटेपर्यंत त्याचें उत्तर शाळेंतल्या गणितानें देतां येतें. चार अंकांपैकीं सर्वांत मोठा व सर्वांत लहान यांमधील अंतर काढा. १९४८ मध्यें तें नऊ वजा एक, म्हणजे ८ आहे. मधल्या दोन अंकांतील अंतर काढा; तें आठ वजा चार, म्हणजे ४ आहे. पहिल्या अंतराची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज करा. ७९९२ आणि ३६० मिळून ८३५२; म्हणजे आपल्या पहिल्या वजाबाकीचेंच उत्तर. याचा अर्थ असा कीं चार अंक कोणतेहि असोत, उत्तर या दोन अंतरांवरच ठरतें. पहिलें अंतर १ पासून ९ पर्यंत असूं शकतें, आणि दुसरें शून्यापासून पहिल्याइतकें. अशा जोड्या मोजल्या तर भरतात अवघ्या ५४. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, सारख्या अंकांच्या सोडून, ९,९९० संख्या आहेत. त्या साऱ्या पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत येऊन बसतात. मग उरल्या त्या चोपन्न वाटा एकामागून एक चालून पाहावयाच्या. त्याला गणकयंत्र लागत नाहीं. कागद, दिवा आणि चिकाटी लागते. देवळालीच्या मास्तरांपाशीं एवढें भांडवल होतें.

तीन अंकी संख्यांना हाच खेळ लावला तर त्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी संख्या मात्र कोठेंच थांबत नाहींत. ९, ८१, ६३, २७, ४५ अशा त्या घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत राहतात. पांच अंकी संख्यांचीहि अशींच रिंगणें होतात. चार अंकांनाच हें भाग्य कां, आणि पांचांना कां नाहीं, याला हिशेबापलीकडचें सुबोध कारण मला तरी कोणीं दिलेलें नाहीं.

कापरेकर संख्यांकडे ज्या नजरेनें पाहत तिचा नमुना म्हणून आणखी दोन-चार गोष्टी सांगावयास हव्यात. लोकांना संख्या म्हणजे हिशेब. त्यांना ती माणसासारखी वाटे. तिचें कूळ काय, तिचा स्वभाव काय, तिला नांव काय द्यावें, याचा ते विचार करीत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ आणि २०९ मिळून पुन्हा २९७. मोडल्यावरहि आपलें मूळ न विसरणाऱ्या अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. १, ११, १११, ११११ यांचे वर्ग करीत गेलें कीं १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी चढउताराची सुंदर माळ निघते. या जातीच्या संख्यांना त्यांनीं डेमलो संख्या म्हटलें. कां, तर त्यांचा विचार प्रथम सुचला तो मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो नांवाच्या स्टेशनांत! दुसरा कोणी असता तर गाडी चुकेल म्हणून धांवला असता.

अंकांच्या बेरजेनें जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद, हें नामकरणहि त्यांचेंच. १८ चे अंक मिळून ९, आणि नवाने १८ ला भाग जातो. रामानुजनांच्या गोष्टींत मोटारीच्या नंबराची जी १७२९ ही संख्या येते, तिचे अंक मिळून १९ होतात. आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. तीहि हर्षद, आणि वर १९ व ९१ हीं एकमेकांचीं उलट रूपें! खुद्द ६१७४ लाहि तिच्या अंकांच्या बेरजेनें, म्हणजे १८ नें, भाग जातो.

५७ चा वर्ग ३२४९. त्यांत ३२४ हा १८ चा वर्ग आणि ९ हा ३ चा वर्ग. म्हणजे एका देहांत तीन वर्ग. अशा संख्यांना त्यांनीं दत्तात्रेय संख्या म्हटलें. आपल्या नांदेड जिल्ह्यांत माहूरगडावर दत्तशिखर आहे. तेथें जाणाऱ्या माणसाला या नांवाचा अर्थ उकलून सांगावयास नको.

आणि आतां देवळालीची गोष्ट. २१ घ्या. तिचे अंक २ आणि १, त्यांची बेरीज ३. ती २१ मध्यें मिळविली कीं २४ झाले. म्हणजे २१ ही २४ ची जननी. २४ पासून ३०, ३० पासून ३३, ३३ पासून ३९, असा वंश वाढत जातो. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. आतां २० ची जननी शोधा. १४ पासून १९ होतात, १५ पासून २१ होतात. २० कोणाच्याच पोटीं येत नाहींत. तसेच ३१, ४२, ५३. औंढ्याच्या नागनाथाला आणि परळीच्या वैजनाथाला आपण स्वयंभू म्हणतों, त्याच अर्थानें या संख्या स्वयंभू. इंग्रजींत त्यांना सेल्फ नंबर म्हणतात, आणि त्यांचेंच दुसरें नांव आहे देवळाली संख्या. १९६३ सालीं कापरेकरांनीं त्यांवर एक पुस्तिका काढली. शहाण्या लोकांनीं ज्या गांवाचें नांव वेडाला दिलें होतें, तें असें एका वेड्यानें शहाणपणाच्या पोथींत लिहून ठेविलें.

श्रोतेहो, हें सारें ऐकून आपल्याला मौज वाटली असेल. परंतु कापरेकरांच्या काळच्या बहुतेक भारतीय गणितज्ञांना ती वाटली नाहीं. ते हंसले. परिषदांना कापरेकर पदरमोड करून जात, निबंध वाचीत. मोठीं नियतकालिकें क्वचितच दाद देत, म्हणून पुष्कळसें लेखन त्यांनीं स्वतःच्या खर्चानें लहान लहान पुस्तिकांच्या रूपानें छापलें. शाळामास्तराच्या पगारांतून छापखान्याचें बिल भागविणें म्हणजे काय, हें ज्यानें तो पगार घेतला आहे त्यालाच कळेल. कोणताहि अधिकार नाहीं, विद्यापीठांत जागा नाहीं, जिच्याशीं रोज बोलावें अशी बरोबरीची संगत नाहीं. त्यांचा एकांत तो हाच. ते कांहीं माणूसघाणे नव्हते.

हंसणाऱ्यांचा पक्ष मात्र नीट समजून घ्यावयास हवा, कारण तो पोकळ नाहीं. रामानुजनांना ज्यांनीं हात दिला त्या प्रोफेसर हार्डींनींच १९४० सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत अशा प्रकारच्या संख्यांचीं उदाहरणें देऊन म्हटलें आहे कीं या गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतील, हौशी लोकांचें मन रमवतील, पण गणित्याला ओढ लागावी असें त्यांत कांहीं नाहीं. त्यांनीं घेतलेलीं उदाहरणें ८७१२ आणि ९८०१ यांचीं आहेत. उलट्या मांडलेल्या २१७८ ची चौपट म्हणजे ८७१२, आणि १०८९ ची नऊपट म्हणजे ९८०१. (यांतील ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ अधिक १ म्हणजे ९९. हार्डींनीं नेमकी कापरेकरांच्या घरचीच एक संख्या उचलली होती!) हार्डींचें म्हणणें असें कीं या गोष्टींतून पुढें कोणता व्यापक सिद्धांत निघत नाहीं. दुसराहि एक आक्षेप आहे. आपण दहांच्या पटींनीं मोजतों, कां, तर आपल्याला दहा बोटें आहेत. आठ बोटें असतीं तर संख्या त्याच राहिल्या असत्या, पण त्या लिहिण्याची रीत बदलली असती, आणि ६१७४ ला कोणी विचारलें नसतें. म्हणजे हे गुण संख्येचे नव्हेत, ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत.

माझ्या मतें हे दोन्ही आक्षेप खरे आहेत, आणि तरीहि कापरेकरांवर झालेला अन्याय तेवढाच खरा आहे. ते रामानुजनांच्या तोडीचे होते असें कोणीं म्हणूं नये. त्यानें दोघांचाहि मान राहत नाहीं. परंतु जी पद्धति सारें जग रोज वापरतें, तिच्या पोटांत दडलेली व्यवस्था कोणीं शोधून काढली तर तिला क्षुल्लक कां म्हणावें? आणि सिद्धांत निघत नाहीं म्हणावें, तर १९८२ सालीं इटलीच्या उंबेर्तो झान्निएर यांनीं स्वयंभू संख्या कशा विखुरल्या आहेत यावर लिहिलेला निबंध अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीनेंच छापला. देवळालीच्या पुस्तिकेंतला प्रश्न वीस वर्षांनीं अशा ठिकाणीं पोहोंचला. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लीलावती लिहिली तेव्हां भुंगे, हंस आणि मोत्यांच्या माळा यांचीं कोडीं घालण्यांत त्यांना कमीपणा वाटला नव्हता. आपल्याकडे गणित आणि खेळ यांची सोयरीक जुनी आहे. ती मोडली केव्हां, तें विद्वानांनींच सांगावें.

ही सोयरीक मोडली म्हणजे काय होतें तें मीं वर्गांत पाहिलें आहे. माझी नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील शाळांत झाली. एके वर्षीं सातवीच्या वर्गांत मीं फळ्यावर कांहीं न सांगतां ६१७४ लिहून त्यावर पुठ्ठा टांगला, आणि प्रत्येकाला आपापल्या मनांतली चार अंकी संख्या घेऊन वजाबाक्या करावयास लाविल्या. कांहीं वेळ नुसता पेन्सिलींचा आवाज. मग एकजण ओरडला, दुसरा ओरडला. सगळ्यांना एकच उत्तर आलेलें पाहून वर्गांत जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाचे मास्तर दारांत आले. मोंढ्यांत हमाली करणाऱ्या बापाची एक मुलगी होती. तिचा माझ्यावर विश्वास बसेना. "सर, एखादी तरी निसटतच असंल की," असें म्हणून ती मधल्या सुट्टींतहि पाटीवर वजाबाक्या करीत बसली. आठ-दहा दिवसांनीं तिनें मला आणून दाखविलें कीं पहिल्या वजाबाकीचें उत्तर नवाच्या पाढ्यांतलेंच येतें. तें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आणि त्याच वर्गांत, पहिल्या बांकावरच्या एका हुशार मुलानें वही मिटून मला विचारलें होतें, "सर, हे पेपरात येतंय का?"

त्या मुलाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. लातूरची अभ्यासपद्धति सबंध महाराष्ट्रांत नांवाजली गेली. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें येथें खोल्या घेऊन राहतात, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर होतो तो या शिस्तीच्या बळावर. नांदेडलाहि आतां शिकवण्यांचे रस्तेच्या रस्ते उभे आहेत. ज्याच्या बापानें जमीन गहाण टाकून फी भरली आहे, त्यानें गुणांचा हिशेब करूं नये तर कोणीं करावा? मीं त्याला खरें तें सांगितलें, कीं नाहीं, हें पेपरांत येत नाहीं. त्यावर त्यानें वही पुन्हा उघडली कीं नाहीं, तें मला सांगतां येत नाहीं, कारण घंटा झाली. पण कापरेकर देवळालीच्या वर्गांत बत्तीस वर्षें उभे होते. परीक्षेपुरतें गणित रोज शिकवून उरलेल्या वेळांत ज्यानें परीक्षेबाहेरचें गणित केलें, त्या माणसाचा मोठेपणा मला त्या दिवशीं अधिक कळला.

निवृत्तीनंतरचा काळ त्यांना सुखाचा गेला नाहीं. १९६६ सालीं पत्नी वारल्या. निवृत्तिवेतन पुरत नसे, म्हणून गणित व शास्त्र या विषयांच्या शिकवण्या घेऊन ते निर्वाह करीत. घरांत एकटे, आणि साठी उलटलेली. संख्यांचें काम मात्र खंडलें नाहीं. दारुड्याला जसें नशेंतून बाहेर येणें नको असतें, तसें आपलें संख्यांच्या बाबतींत होतें, अशा अर्थाचें त्यांनीं स्वतःविषयींच म्हटलें आहे. १९७३ सालीं कोपर्निकसच्या जन्माला पांचशें वर्षें झालीं, तेव्हां त्या निमित्तानें त्यांनीं एक जादूचा चौरस रचला. कोणीं मागितलेला नव्हता.

मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेंतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत मार्टिन गार्डनर यांचें गणिती करमणुकीचें सदर जगभर वाचलें जाई. त्या महिन्यांत त्यांनीं तें कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांवर लिहिलें. मद्रासच्या परिषदेला तोंपर्यंत सव्वीस वर्षें झालीं होतीं, आणि कापरेकरांनीं सत्तरी गांठली होती. गार्डनर हेहि कांहीं विद्यापीठांतले गणिती नव्हते, तेहि हौशीच. एका हौशी माणसानें दुसऱ्याला सातां समुद्रांपलीकडून ओळखलें. त्यानंतर घरच्यांनींहि ओळख दाखविली. बाहेरचें प्रशस्तिपत्र आल्यावांचून घरचा गुणी दिसूं नये, ही आपली जुनी खोड आहे.

१९८६ सालीं देवळालींतच कापरेकर वारले. ज्या ६१७४ साठीं त्यांनीं हातानें वजाबाक्या केल्या, ती आज गणकयंत्राची भाषा शिकणाऱ्या मुलांना सरावाचें उदाहरण म्हणून घालतात. यंत्र त्या ९,९९० संख्या डोळ्याचें पातें लवतें तोंच तपासून मोकळें होतें.

मला दिलेली वेळ संपत आली. ज्यांनीं १९०५ घेऊन पेन्सिल चालविली असेल, त्यांनीं आपलीं उत्तरें ताडून पाहावींत. ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१. नंतर ८१७२. नंतर ७४४३. नंतर ३९९६. नंतर ६२६४. नंतर ४१७६, म्हणजे अंक तेच, पण क्रम अजून लागलेला नाहीं. आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. जास्तींत जास्त जितक्या पायऱ्या लागूं शकतात, तितक्या साऱ्या कापरेकरांच्या जन्मसालाला लागतात. कोणाला सहावरच उत्तर आलें असेल तर मध्यें कोठें तरी एक वजाबाकी गळली आहे, ती शोधावी.